वडाची डावी फांदी

स्टुडिओच्या जिन्यात ते फोटो अजून टांगलेले आहेत. लग्नाचे, बारशाचे, पैलवानांचे फोटो खाली काउंटरपाशी. जिन्यात फक्त झाडं, आणि झाडांतही जास्त करून एकच वड. साल बदलतं, वड तोच, कुंडी तीच, मागचा पडदाही तोच. पडद्यावर रंगवलेलं तळं, तळ्यात दोन हंस, काठाला संगमरवरी कठडा. वड त्या कठड्याच्या निम्म्यालाही येत नाही. पायरी चढत गेलं की वडाचं एकेक वर्ष पुढं सरकतं. बुंधा जाड होतो, पानं बारीक होत जातात, उजवी फांदी हळूहळू खाली झुकते, म्हाताऱ्या वडाची झुकते तशी. डावी मात्र झुकत नाही. वर मान काढून उभी असते.

नवं गिऱ्हाईक विचारतं, "ह्या फांदीला काय झालतं ओ?" काउंटरवर जो असेल तो काहीतरी सांगतो. ऊन एका अंगानं लागलं म्हणतो, नाहीतर कावळे बसायचे म्हणतो. मी तिथं असले तर गप्प राहते. त्या फांदीपायी माझी ट्रंक भरायची वेळ आली होती.

आम्ही भंडाऱ्याकडचे. मी चौथीत शाळा सोडली. सोडली म्हणजे धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिले आणि मग परत कुणी पाठवलं नाही. लग्न झालं, आणि ह्यांच्या ओळखीच्या एका फिटरनं ह्यांना कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात हंगामी कामाला लावलं. मोठ्या दुष्काळाच्या थोडं आधीची गोष्ट. गाडीत बसले तेव्हा कोल्हापूर म्हणजे नागपूरच्या पलीकडं कुठंतरी असेल एवढंच मला वाटत होतं. गाडी बदलून बदलून अंग आंबलं तरी कोल्हापूर येईना, तेव्हा मी मनात धरलं की हा माणूस मला विकायला नेतो आहे. माझा स्वभावच तसा. आधी संशय, मग पाणी.

इथली बोली मला भांडणासारखी वाटायची. कुणी रस्ता विचारला तरी दरडावल्यासारखा. बायका स्वतःला "मी आलो, मी जेवलो" म्हणायच्या. पहिले काही दिवस मला वाटलं, माझी थट्टा चालली आहे. आणि मी "होय जी", "नाही जी" म्हटलं की त्या पदर तोंडाला लावून हसायच्या.

आईला पाठवायला फोटो काढू म्हणून एकदा हे मला मंगळवार पेठेतल्या त्या स्टुडिओत घेऊन आले. फोटोवाल्यांना सगळी पेठ चाचा म्हणायची. ते काळ्या कापडात डोकं घालून म्हणाले, "हसा की पावणं! फोटोला रडकं त्वांड चालत न्हाय."

मी हसायला गेले आणि रडूच फुटलं. थांबेना. आतला पडदा सारून चाची बाहेर आल्या. "बाईमाणसाला असं दमात घेत्यात व्हय? तुमच्या त्या नळकांड्याकडं बघून म्हस बी आटंल." मला आत नेऊन त्यांनी बशीत चहा ओतून दिला आणि एकामागून एक विचारत गेल्या. कुठल्या, कुठं राहता, मूलबाळ. मी सांगितलं, कारखान्याजवळ खोली आहे, पण हंगाम संपला की सोडायची, पुढचं माहीत नाही.

"माझी मागची खोली मोकळी हाय," चाची म्हणाल्या. "लेकीचं लगीन झालं, बेळगावला गेली ती. भाडं नको. गच्चीवर ह्यांची झाडं हायती, त्यास्नी पाणी घाल. माझं गुडघं गेल्यात, जिना चढवत न्हाय."

तेवढं ऐकून कुणीही पाया पडलं असतं. मीही पडले. पण खोलीत सामान लावताना मला एकच घोर. फुकट खोली कोण देतं? हे म्हणाले, "देवमाणसं आहेत." मी म्हटलं, "देवसुद्धा नवस घेतो." कित्येक दिवस मी दाराला आतून ट्रंक लावून निजत होते.

चाचांची झाडं गच्चीवर फळ्यांवर मांडलेली. वड, उंबर, चिंच, डाळिंब. सगळी हातभर किंवा त्याहून लहान. रद्दीत आलेल्या कुठल्या परदेशी मासिकात त्यांनी असली झाडं पाहिली होती. शिकलेली माणसं त्यांना वामनवृक्ष म्हणायची. गल्ली म्हणायची, चाचांची बुटकी पोरं. वड तर स्टुडिओच्याच भिंतीत उगवलेला. वड भिंतीत शिरला की भिंत जाते, म्हणून गवंडी म्हणाला, ॲसिड ओता. चाचांनी छिन्नीनं वीट सोडवली, रोप मुळासकट काढलं आणि फुटक्या कुंडीच्या बुडात लावलं.

आमच्याकडं जंगल. झाड वाढावं म्हणून कुणी काही करत नाही, ते वाढतंच. झाड वाढू नये म्हणून जीव टाकणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. उन्हाळ्यात ते वड कुंडीतून अलगद उपसायचे, मुळं केसासारखी विंचरून कात्रीनं छाटायचे, कळंब्याच्या तळ्याची गाळाची माती नि विटेचा चुरा घालून परत बसवायचे. शेंडे आले की खुडायचे. फांदी खाली न्यायची असली की तिला तांब्याची तार गुंडाळायचे, जळालेल्या मोटारी परत भरून देणाऱ्याकडून आणलेली. बुंध्याला एक वेढा, मग फांदीवर तिरके वेढे टोकापर्यंत, आणि मग दोन्ही अंगठ्यांनी फांदी हळूहळू वाकवायची. वाकवताना ते तोंडानं "आस्तं, आस्तं" म्हणायचे, जसं काही कुणाचा दुखरा हात चोळतायत.

"तार कशाला जी?" मी विचारलं होतं.

"मोठ्या वडाच्या फांद्या वजनानं खाली येत्यात. ह्याला वजन न्हाय. मग त्याला सांगाय लागतं, बाबा, तू म्हातारा हैस." आणि मग, "तार महिनोन्‌महिने तशीच ऱ्हायली पायजे. मधीच सैल झाली की फांदी विसरती. परत वर."

पाणी, खुडणं, मुंग्या बघणं ही कामं माझ्याकडं आली. गच्चीच्या दाराला कुलूप असे, माकडांपायी आणि गल्लीतल्या पोरांपायी. किल्ली चाचींच्या स्वयंपाकघरात खिळ्याला. पण घ्यायची मीच, म्हणून सगळे तिला माझी किल्ली म्हणायचे. कुणी काही आपल्या हाती सोपवलं की माणसाला बरं वाटतं. मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली. हरवलं, मोडलं, सुकलं, तर नाव माझंच.

आणि दसरा. खंडेनवमीला कॅमेऱ्याला झेंडूचा हार पडायचा. चाचा मुसलमान खरे, पण हत्यार पुजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. दुसऱ्या दिवशी हार उतरवून पहिले फोटो झाडांचे. आदल्या दिवशी सगळ्या तारा सोडायच्या. "दागिनं काढून फोटो," चाचा म्हणत. मग एकेक कुंडी मी खाली आणायची, पडद्यासमोरच्या स्टुलावर ठेवायची. स्टुलाची जागा खडूनं आखलेली, कॅमेऱ्याच्या पायांचीही. दर साली त्याच जागी, म्हणजे झाड किती बदललं ते खोटं दिसत नाही. मी पानं पुसायची आणि हात बाजूला घ्यायची. जिन्यातल्या त्या फोटोंत कुठंच माझा हात नाही, पण कुंडी सरळ आहे ती माझ्या हातानं.

शेजारी म्हशींचा गोठा होता. तिथल्या काकू रोज दुधाची किटली घेऊन यायच्या आणि दुधापेक्षा बातम्या जास्त ओतून जायच्या. आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली म्हैस वळून बघावी. पहिल्याच आठवड्यात त्या माझ्यासमोर चाचींना म्हणाल्या, "भंडाऱ्याची, झाडीकडची बाई घरात घेतलायसा. तिकडं लई करणी चालती म्हणं."

चाची म्हणाल्या, "मग बरंच हाय की. तुझी म्हस लाथ मारती, तिच्यावर करून घिऊ."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण त्या दिवसापासून काकू मला भेटल्या की मी आधी त्यांचे हात बघायची, आणि मला वाटतं त्याही माझे बघायच्या.

पुढच्या साली चाचांनी वडाच्या दोन्ही फांद्यांना पहिल्यांदा तार घातली. त्याच साली कळंब्याच्या रस्त्यावरचा थोरला वड रस्ता रुंद करायला तोडला. पेठेतल्या बायका वटपौर्णिमेला तिथं जायच्या. आता जायचं कुठं? काकूंनीच शक्कल काढली. "चाचांच्या गच्चीवर हाय की वड! बुटका असला म्हणून काय झालं, वडच न्हवं का? बुटका नवरा आसला तर काय दुसऱ्याचा पुजायचा?"

चाचा खुशीत. गच्ची धुऊन घेतली त्यांनी. बायका नटून-थटून वर आल्या, आंबे, फणसाचे गरे, सुताच्या गुंड्या. कुंडीभोवती फेऱ्या घालताना एकमेकींच्या पायांत येत होत्या आणि हसत होत्या. चाचीही त्या दिवशी कठडा धरून, एकेक पायरी मोजत वर आल्या. हातात गुळाचं ताट. मीही पूजा केली. लग्नाला तीन-चार वर्षं झालेली, कूस रिकामी. मी डोळे मिटून काय मागितलं असेल ते सांगायला नको.

सूत गुंडाळताना काकूंच्या बोटाला तार लागली. त्या थांबल्या. वाकून बघितलं. आणि मग माझ्याकडं बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आमी वडाला सूत बांधताव, नवऱ्याचं आवुक्ष वाढाय. हितं वडालाच तारंनं जखडून घातलाय. जखडलेल्या वडाच्या घरात कुणाची कूस उजवंल, सांगा की!"

मी पदराला हळदीची बोटं पुसत राहिले. माझ्या एका बाजूला चाची ताट धरून उभ्या होत्या, त्यांनी ताट खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "चला, गूळ घ्या, मुंग्या लागतील." माझ्यासाठी त्यांनी बोलणं मोडलं, असं वाटून मला भरून आलं. त्यांच्या लेकीला त्याच साली दिवस गेले होते आणि राहिले नव्हते, हे मला ठाऊक होतं. पण तेव्हा ते माझ्या मनातही आलं नाही. टोमणा मला होता, मी तो घेतला.

दसऱ्याच्या फोटोसाठी तारा सोडल्या. उजवी फांदी वाकलेली राहिली. डावी मी फडकं फिरवेपर्यंत वर. चाचा म्हणाले, "जाड हाय, हट्टी हाय." फोटो काढला. दुसऱ्या साली डावीला जाड तार घातली, दुहेरी. दसऱ्याला परत तेच. चाचा मागचे दोन फोटो घेऊन पडद्यापुढं बसले; एकदा फोटो बघत, एकदा झाड. "एकाच झाडाच्या दोन फांद्या," ते म्हणाले. "एक ऐकती, एक न्हाय. असं हुईत न्हाय." मी आपली चूक काय झाली असेल ती शोधत होते. पाणी कमी-जास्त? ऊन? कुंडी फिरवायची राहिली?

तिसऱ्या साली श्रावणात चाचा अवेळी गच्चीवर आले. मी चिंचेचे शेंडे खुडत होते. त्यांनी वडाच्या डाव्या फांदीवरची तार बोटानं सरकवली. ती बांगडीसारखी सरकली.

वरून बघितलं तर सगळे वेढे जिथल्या तिथं. पण आत बोट जाईल एवढी फट. कुणीतरी तार सोडून, फांदी मोकळी करून, परत तशीच वर ठेवून दिली होती, नेटकी. वाऱ्याचं काम नव्हे, माकडाचं तर नव्हेच.

चाचांनी तार परत जागेवर सरकवली. मग म्हणाले, "पोरी, गच्चीची किल्ली कुणाकडं असती?"

"माझ्याकडं जी."

"आणिक?"

"आणिक कोणाकडं नाही जी."

माझंच उत्तर माझ्या कानाला कबुलीसारखं लागलं. त्यांनी ओरडावं असं मला वाटत होतं; इथली माणसं ओरडतात, मग विसरतात. ते ओरडले नाहीत. खाली गेले, किल्ली घेतली आणि चाचींच्या हातात दिली. "आता हिला कमरंला लाव. पाणी मी घालीन सकाळचं. तार मी आज नवी बांधलीया."

चाचींनी किल्ली घेतली आणि कमरेला खोचली. माझ्याकडं बघितलं नाही.

घरी ह्यांना सांगितलं तर हे जेवता जेवता थांबले. "तूच नाही ना?"

"मी कशाला?"

"त्या बाईनं तसं म्हटलं होतं. जखडलेला वड अन् कूस. तुझ्या मनात आलं असेल."

घरचा माणूस असं म्हणतो तर चाचा काय म्हणत असतील! आणि खरं सांगायचं तर आलंच होतं की माझ्या मनात. कितीदा तरी पाणी घालताना त्या तारेवर बोट ठेवून मी उभी राहिले होते. पण सोडली नव्हती. खोली त्या तारेवर टांगलेली होती. हंगाम नव्हता, ह्यांना काम नव्हतं, बावड्याची खोली केव्हाच दुसऱ्याला गेलेली. गावी जायचं म्हटलं तर तिथं दीर-जावांनी आमची ओसरी वापरायला घेतली होती. कोल्हापुरात आम्हांला ओळखणारं एकच दार होतं, आणि ते आता आमच्याकडं निरखून बघत होतं.

मग मी संशय घ्यायला सुरुवात केली. त्यात मी तरबेज. पहिला संशय काकूंवर. तोंडानं बोलल्या त्याच हातानं करणार. दूध द्यायला आल्या की मी जिन्याच्या तोंडाशी भांडी घासत बसायची. त्या मला ओलांडून जिन्याकडं जायच्यासुद्धा नाहीत, उलट म्हणाल्या, "काय गं, जिन्याची राखण करायलीस? वर काय सोनं वाळत घातलंय?" मग मला वाटलं, ही सगळी चाचांचीच युगत. खोली हवी असेल, तोंडावर जा म्हणवत नसेल, म्हणून आळ. पण ज्या माणसानं फांदीलासुद्धा "आस्तं" म्हटलं तो असं करील? करीलही. गोड बोलणाऱ्यांचं काय सांगावं. मग ह्यांच्यावरही आला. माझ्या भल्यासाठी ह्यांनीच तर सोडली नसेल?

चाचींवर मात्र आला नाही. त्यांचे गुडघे. त्यांचा चहा. उलट त्या दिवसांत त्या माझ्याशी जास्तच मायेनं वागायला लागल्या. शेवयांची खीर काय, लेकीचं जुनं लुगडं काय. मला ती माया बघून धडकीच भरली. निघणाऱ्या पाहुण्याला आग्रह जास्त होतो. मी मनातल्या मनात ट्रंक भरायला लागले: वर लुगडी, खाली भांडी, आईला पाठवलेल्या फोटोची दुसरी प्रत मधे, चुरगळायला नको म्हणून.

दसऱ्याच्या आधी, नवरात्रातल्या एका सकाळी, काकू दूध घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसल्या होत्या. चाची तांदूळ निवडत होत्या. मी पाटा धूत होते. चाचा गच्चीवरून उतरले. जिन्यावर त्यांची पावलं अशी वाजली की आम्ही तिघींनीही वर बघितलं. त्यांच्या हातात ती तांब्याची तार होती, वेढे तसेच ठेवून अख्खी उतरवलेली, स्प्रिंगसारखी.

मी उठून उभी राहिले. आता "जा" म्हणणार.

त्यांनी चाचींच्या कमरेची किल्ली मागितली. चाचींनी काढून दिली. ती त्यांनी आणून माझ्यापुढं धरली. "घे गं पोरी. तुझी तू ठेव."

मला काही कळेना. हात ओले, मी पदराला पुसले, किल्ली घेतली. आणि मग त्यांनी तार चाचींच्या सुपात, तांदळावर ठेवली. "मी बांधलेली. परत सैल झालीया. सकाळी पाणी घालताना बगत हुतो, बाकी दिवसभर कुलूप. किल्ली एकाच कमरंला. आता मला सांग, गुडघं कसं बरं झालं?"

चाची तांदूळ निवडत राहिल्या. तारेच्या बाजूनं निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं कुठलं? बसून बसून चढतो. तुमी दुकानात असतायसा तवा."

"का पण?"

"आपल्या लेकीचं पोट बांधलंय तुमी." आता त्यांचा आवाज चढला. "एकडाव राहिलं, गेलं. दुसऱ्यांदा राहीना. आन् तुमी हितं वडाला आवळतायसा, आवळतायसा, दुहेरी तार! ऐकलंय मी, वड जखडला की घरची कूस जखडती!"

"कुणी सांगितलं?"

चाचींनी काकूंकडं बघितलं. काकूंनी किटली छातीशी धरली. "मी? अगं बया, मी ते हिला बोललोतो!" माझ्याकडं बोट. "हिला टोमणा मारला मी! तू कशाला अंगाला लावून घेतलास? तुझ्या लेकीचं माझ्या ध्येनात बी न्हवतं!"

"हिला का मारलास?" चाची उलटल्या. "हिनं तुझं काय खाल्लंय?"

"मारला बाई. जीभ हाय, सुटती." काकू किटली तिथंच ठेवून उठल्या, दोन पावलं गेल्या, परत आल्या, किटली घेतली आणि गेल्या. एरवी गल्लीला ऐकू जाणारी बाई त्या सकाळी चपलासुद्धा न वाजवता गेली.

चाचा पायरीवर बसले. त्यांना हसू येत होतं की रडू, सांगता येत नव्हतं. "मग एकच फांदी का सोडलीस? दोनी का न्हाय?"

"दोनी सोडल्या असत्या तर पयल्याच सालाला धरलं असतं की तुमी," चाची म्हणाल्या. "आन् लेक किती हाय आपल्याला? एका लेकीला एक फांदी पुरं."

चाचांनी सुपातली तार उचलून ती हातानं सरळ करायला घेतली, वेढा वेढा उलगडत. मी किल्ली मुठीत घट्ट धरून उभीच. मग मला धीर झाला की काय कोण जाणे, मी म्हटलं, "चाची, मला घालवलं असतं ना त्यांनी जी."

चाचींनी पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. "तुला घालवू दिलं नसतं मी. तसं झालं असतं तर बोललो असतो."

बोलल्या असत्या का? त्या खिरीच्या वाटीचा, त्या लुगड्याचा अर्थ तेव्हा मला लागला. पण ह्या प्रश्नाचा नाही. मी त्यांच्या घरचं इतकं खाल्लंय की विचारायचं तोंड नव्हतं, आणि न विचारता झोप लागत नव्हती. अनेक वर्षं मी त्यांचा चहा पिताना त्यांच्या तोंडाकडं बघत तेच मोजत राहिले: बोलल्या असत्या, नसत्या.

त्या दसऱ्याला वड स्टुलावर चाचींनी आणून ठेवला. जिना उतरताना मी मागून कुंडीला हात दिला तर म्हणाल्या, "सोड, आपल्या चोरीचं वजन आपुन उचलावं." डावी फांदी ताठ वर. चाचांनी काळ्या कापडात डोकं घातलं, परत काढलं, फांदीकडं बघितलं, आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आता हिला तार न्हाय." तेव्हापासून उजवीला तार, डावीला नाही. जिन्यात वर वर जावं तसं ते झाड आणखीच वाकडं दिसतं, एका हातानं जमीन चाचपणारं आणि दुसऱ्या हातानं कुणालातरी थांब म्हणणारं. वामनवृक्षांचं प्रदर्शन भरलं की चाचा बाकीची झाडं न्यायचे, वड न्यायचे नाहीत.

बेळगावच्या लेकीला मूल झालं नाही. पुढं तिनं दिराचा मुलगा वाढवला. काकू म्हणाल्या, "उजवी बी सोडाय पायजे हुती." तेवढं बोलून त्यांनी स्वतःच जीभ चावली.

आणि मला झाली. वडाची फांदी मोकळी झाली त्याला तीन-चार वर्षं उलटून गेल्यावर, आता नाही असं धरून चालले होते तेव्हा, मुलगी. ह्यांना तोवर कारखान्यात कायम केलं होतं. काकू बाळंतविडा घेऊन आल्या, दूध तर रोजचं फुकट, आणि दारातून आत येता येता म्हणाल्या, "बघ की, पावला! पण चुकून मागच्या खोलीत पावला!" स्वयंपाकघरात चाची होत्या. त्यांना ऐकू गेलं असणारच, काकूंचं बोलणं कुणाला ऐकू जात नाही?

मग माझ्या मनानं परत आपला जुना धंदा सुरू केला. चाची दोन दिवस बाळाला बघायला आल्या नाहीत. गुडघे, असा निरोप. मी त्या गुडघ्यांवर आता विश्वास कसा ठेवणार? त्यांच्या लेकीच्या वाट्याचं माझ्या मांडीवर आलं, असं त्यांना वाटत असेल. वाटलं तर चूक काय? बाळाला दृष्ट लागू नये म्हणून मी मनगटात काळा दोरा बांधला, घट्ट, दुहेरी गाठ मारून. कुणाच्या दृष्टीसाठी, ते मी स्वतःलाही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी चाची आल्या. भिंत धरत धरत, खरोखरच लंगडत. बाजेच्या कडेला टेकल्या. बाळाला घेतलं नाही, नुसतं बघत राहिल्या. मग त्यांनी बाळाचं मनगट उचललं. दोऱ्याखाली मांस जरा फुगलं होतं, मला दिसलंच नव्हतं. त्यांनी करंगळीचं नख दोऱ्याखाली सारायचा प्रयत्न केला; जाईना. गाठ दातांनी सोडवली, दोरा मोकळा केला, आणि परत बांधला, बोट जाईल एवढा सैल. बांधून झाल्यावर बोट आत घालून एकदा फिरवून बघितलं.

"इतकं आवळतेत व्हय, येडे," त्या म्हणाल्या. "वाढतंय ते."